औषधाआधी नजर

पोरी, पावसात भिजलेलं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंस, चांगलं केलंस. आता ते रात्रभर खाजवतंय म्हटल्यावर कुणीतरी सांगेलच, यंत्रमागाचं काळं तेल चोळ, दोन दिवसांत खरूज जाते. ऐकू नकोस. भिवंडीत हे तेल कारखान्यांतून मिळतं, म्हणून हा उपाय घरोघरी पोचलाय. पद्मानगरात मागावर होतो तेव्हा आमच्या वाघ्या कुत्र्याला मी माझ्याच हाताने ते चोळलं होतं. त्याने अंग चाटलं, दिवसभर ओकला आणि तिसऱ्या दिवशी गेला. रॉकेल आणि फिनेलही तसलंच विष.

आधी नीट बघ. दिवसाउजेडी, केस उलटे करून. कानाच्या कडा, कोपरं, पोट इथे खपली धरली असेल आणि खाज थांबतच नसेल, तर खरजेचा संशय घे. कानाची कडा दोन बोटांत धरून हलकेच चोळ. मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला, तर संशय बळकट. ही खरूज माणसालाही लागते, तेव्हा पिल्लाला कुशीत घेऊन झोपू नकोस. डोळ्यांभोवतीचे, तोंडाभोवतीचे केस गेलेत पण खाज फारशी नाही, तर खरजेचा किडा वेगळा असू शकतो. तो माणसाला लागत नाही. यातलं नेमकं कोणतं, ते डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच सांगतील.

शेपटीच्या मुळाशी जास्त खाजवत असेल तर पिसवा शोध. कोऱ्या कापडाचा तुकडा आपल्याकडे केव्हाही मिळतो. तो ओला करून अंथर, वर पिल्लाला उभं कर आणि बारीक दातांची फणी फिरव. मिरपुडीसारखे काळे कण पडतील. थोड्या वेळाने त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, त्यात पिल्लाचंच रक्त असतं. डाग नाही पसरला तर नुसती धूळ.

गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढ. चिरडू नकोस, काडीने जाळू नकोस. भिंतीच्या भेगाही बघ, एकेक मादी तिथे हजारोंनी अंडी घालते. गोचीड लागलेल्या पिल्लाचं अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा त्याने खाणं सोडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

आपल्या मनी मांजरीला मात्र कुत्र्याचं गोचिडीचं औषध चुकूनही लावायचं नाही. त्यात पर्मेथ्रिन असू शकतं, ते मांजराचा जीव घेतं. तिच्या अंगावर गोल, कोंडा सुटलेला चट्टा दिसला तर नायटा समज, लहान पोरांना दूर ठेव आणि तिलाही डॉक्टरांना दाखव.

पावसाळ्यात इथे आपलेच कपडे सुकत नाहीत, तिथे पिल्लाची बोटं कशी सुकणार? बाहेरून आलं की बोटांच्या बेचक्या कोरड्या पूस. रोज अंघोळ नको, आपला साबण तर नकोच. खाजवून झालेल्या जखमेला घाण वास आला तर आत अळ्या पडल्या असतील. एक दिवसही थांबायचं नाही.

इथे नीट तपासणी झाली नाही तर परळला, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या रुग्णालयात ने. डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध दे, केस उगवले म्हणून मध्येच सोडू नकोस. आणि पहिल्याच फेरीत रेबीजची लस कधी द्यायची ते विचारून ये.