मोटारीचा भाव आणि नावाचा भाव

व्यापाराचा साधा नियम असा आहे की माल जुना झाला म्हणजे त्याचा भाव उतरतो. मोटार तर शोरूममधून रस्त्यावर आली की त्याच दिवशी सेकंडहँड होते. दहा वर्षांनी ती निम्म्यालाही जात नाही आणि वीस वर्षांनी भंगारवाला वजनावर मागतो. परंतु जगात काही मोटारी अशाही आहेत की ज्यांचा भाव वयाबरोबर वाढत गेला. त्यातही एखाद्या नामांकित नटाने किंवा गायकाने वापरलेली मोटार असेल तर शौकीन लोक तिच्यासाठी लाखो डॉलर मोजतात. वरवर पाहता हा श्रीमंतांचा शौक आहे, आपल्याला त्याच्याशी काय करायचे, असे वाटेल. पण नाव, सबूत आणि कारागिरी यांची बाजारात काय किंमत होते हे समजून घ्यायचे असेल तर या मोटारींसारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण आहे. म्हणून आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हा विषय घेतला आहे.

तीन मोटारींची हकीकत

पहिली मोटार फोर्ड कंपनीची मस्टँग. १९६८ साली आलेल्या 'बुलिट' या अमेरिकन चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन या नटाने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउताराच्या रस्त्यांवर हिरव्या रंगाची मस्टँग पळवली. तो पाठलाग आजही प्रसिद्ध आहे. चित्रपट संपल्यावर ती गाडी विकली गेली. १९७४ मध्ये न्यू जर्सीच्या एका नोकरदार माणसाने जाहिरात वाचून ती सुमारे ६ हजार डॉलरला घेतली. त्याची पत्नी शाळेत शिकवण्यासाठी त्याच गाडीने जात असे. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली, बदल्यात दुसरी मस्टँग मिळवून देण्याची तयारीही दाखवली. मालकाने दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी बंद पडली. त्याच वर्षी मॅक्वीनचे निधन झाले. मालकही २०१४ मध्ये वारला. त्याच्या मुलाने २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आणली आणि जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात ३४ लाख डॉलरची शेवटची बोली लागली. लिलाव कंपनीचे कमिशन धरून घेणाऱ्याला ती ३७ लाख ४० हजार डॉलरला पडली.

दुसरी मोटार जॅनिस जॉप्लिन या अमेरिकन गायिकेची पोर्शे. १९६८ मध्ये तिने ही १९६४ सालची गाडी जुन्या बाजारातून सुमारे साडेतीन हजार डॉलरला घेतली. आपल्या गायन-संचातील डेव्ह रिचर्ड्स याला ५०० डॉलर देऊन तिने गाडीवर फुलपाखरे, डोंगर, माणसांचे चेहरे अशी चित्रे रंगवून घेतली. १९७० मध्ये ती वारली. पुढे घरच्यांनी गाडी राखाडी रंगाने रंगवली. १९९० च्या दशकात मात्र जुन्या फोटोंवरून ती चित्रे पुन्हा काढून घेण्यात आली आणि गाडी क्लीव्हलंडच्या संगीत संग्रहालयात ठेवण्यात आली. डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला १७ लाख ६० हजार डॉलर आले. अंदाज फक्त ४ ते ६ लाखांचा होता.

तिसरी मोटार बीटल्स या इंग्रजी गायक-मंडळीतील जॉन लेनन यांची रोल्स-रॉइस. १९६५ ची ही काळी, भारदस्त गाडी लेनन यांनी १९६७ मध्ये पिवळ्या रंगात, वर वेलबुट्टी काढून रंगवून घेतली. १९८० मध्ये लेनन यांची हत्या झाली. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात लिलाववाल्यांनी २ ते ३ लाख डॉलर धरले होते, प्रत्यक्षात २२ लाख ९९ हजार डॉलर आले. कॅनडातील एका उद्योगपतीने ती घेतली आणि पुढे ब्रिटिश कोलंबिया प्रांताला देऊन टाकली.

हिशेब मांडून पाहू

६ हजाराचे ३७ लाख झाले असे ऐकले की माणसाच्या डोळ्यांसमोर चांदण्या चमकतात. पण व्यापाऱ्याने चांदण्या पाहू नयेत, वही उघडावी. १९७४ ते २०२० म्हणजे ४६ वर्षे. सहाशेपटीपेक्षा जास्त झालेली ही रक्कम चक्रवाढ पद्धतीने मोजली तर दर निघतो साल दरसाल सुमारे १५ टक्के. दर चांगला आहे, यात शंका नाही. पण हा चमत्कार नव्हे. आपला होलसेल कापडवाला थोड्या नफ्यावर वर्षातून चार वेळा भांडवल फिरवतो, त्याला हा आकडा अपरिचित नाही.

शिवाय ४६ वर्षांत त्या गाडीने मालकाला भाड्याचा एक पैसा दिला नाही. जागा अडली, देखभाल लागली, आणि ज्याने घेतली त्याच्या हयातीत विक्री झालीच नाही. फळ मुलाला मिळाले. आणखी एक गोष्ट. त्या काळी फोर्डने लाखो मस्टँग बनवल्या. त्यांपैकी बहुतेकांचे भंगार झाले. एका गाडीची बातमी होते, बाकीच्यांची होत नाही. लॉटरी लागलेल्याचाच फोटो छापून येतो, त्यातलाच हा प्रकार.

नाव कशावर उभे राहते?

आता मूळ प्रश्न. त्याच कंपनीची, त्याच सालची, त्याच रंगाची दुसरी गाडी शेजारी उभी केली तर तिला दशांश भावही येत नाही. पत्रा तोच, इंजिन तेच. मग फरक कशाचा? त्याची उत्तरे चार आहेत.

१) सबूत. 'ही अमक्याची गाडी होती' असे तोंडी सांगणाऱ्याला बाजारात कोणी विचारत नाही. मस्टँगच्या बाबतीत चेसिस नंबर जुळत होता, चित्रीकरणाचा कॅमेरा बसवण्यासाठी गाडीखाली केलेल्या वेल्डिंगच्या खुणा शाबूत होत्या आणि मॅक्वीनचे पत्र जपून ठेवलेले होते. तो कागद त्या मालकाने रद्दीत दिला असता तर लाखो डॉलर रद्दीत गेले असते.

२) मूळ रूप. मस्टँगच्या मालकांनी गाडीला चकचकीत नवा रंग दिला नाही. घासलेली, गंजाचे डाग पडलेली गाडी जशीच्या तशी लिलावात गेली. घेणाऱ्याला चकाकी नको होती, खरेपणा हवा होता.

३) प्रामाणिक दुरुस्ती. दुरुस्ती केली म्हणून भाव जातोच असे नाही. मॅक्वीनच्या स्वतःच्या मालकीची एक फेरारी होती. नंतरच्या मालकाने तिचे छप्पर कापून उघडी गाडी केली होती. पुढे फेरारी कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात छप्पर पुन्हा मूळ नमुन्याप्रमाणे घडवले गेले आणि कंपनीने तसा दाखला दिला. २०१४ मध्ये तिला १ कोटी १ लाख ७५ हजार डॉलर आले. जॉप्लिनच्या गाडीवरील चित्रेही दुसऱ्या हातांनी काढलेली होती, हे सर्वांना माहीत होते. लपवले काहीच नव्हते, म्हणून बोली थांबली नाही. दोष सांगितल्याने सौदा मोडत नाही, दोष नंतर सापडला तर मोडतो.

४) संख्या. जगातील सर्वांत महाग मोटारी नटांच्या नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. मे २०२२ मध्ये मर्सिडीजची १९५५ सालची एक शर्यतीची गाडी साडेतेरा कोटी युरोला गेली, कारण तशा गाड्या दोनच बनल्या होत्या. फेरारीची २५० जीटीओ ही १९६२ ते १९६४ मध्ये फक्त ३६ बनली, म्हणून २०१८ मध्ये तिला ४ कोटी ८४ लाख डॉलर आले. नाव हे चांगल्या मालावरची जरी आहे. कापडच कच्चे असेल तर जरी किती दिवस टिकणार?

नावालाही वय असते

ज्यांनी तरुणपणी मॅक्वीनचे चित्रपट पाहिले, तेच लोक साठीत पैसेवाले होऊन त्याची गाडी घ्यायला येतात. ते आपली जवानी विकत घेत असतात. त्यांच्या नातवंडांना मॅक्वीन कोण हे सांगावे लागेल. तेव्हा हा भाव कायमचा आहे असे कोणी धरू नये.

भाव कोसळल्याचे उदाहरणही आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले. आधीच चढलेला जुन्या फेरारींचा बाजार त्यानंतर भडकला. शौकीन बाजूला राहिले आणि सट्टेवाले पुढे आले. १९९० नंतर बाजार पडला तेव्हा ज्यांनी कर्ज काढून गाड्या भरल्या होत्या ते बुडाले. ज्याने हौसेने, घरच्या पैशाने घेतली होती, त्याची गाडी तरी दारात राहिली. तेव्हा जुन्या मोटारी, जुनी घड्याळे वगैरेंत दुकानाचे खेळते भांडवल कोणीही गुंतवू नये. हौस असेल तर हौसेपुरता खर्च करावा.

आपल्या कारागिरांसाठी

जुन्या मोटारींच्या धंद्यात खरी रोजी मालकाइतकीच डेंटर, पेंटर, मेकॅनिक आणि सीट शिवणाऱ्याची आहे. आपल्याकडेही आता या जुन्या गाड्यांसाठी कायदा झाला आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम काढून पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या दुचाकी व मोटारींसाठी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी ठेवली. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये व मुदत दहा वर्षे ठेवली, आणि अशी गाडी धंद्यासाठी चालवण्यास मनाई केली. म्हणजे 'उस्ताद, सगळे नवे टाकून द्या' हे काम इथे चालत नाही. अशी गाडी गॅरेजमध्ये आली तर पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) हात लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढावेत.
२) चेसिस व इंजिन नंबरच्या जागी ग्राइंडर किंवा लांबी चालवू नये.
३) काढलेला जुना भाग भंगारात न टाकता पिशवीत घालून, चिठ्ठी लावून मालकाच्या हवाली करावा.
४) सीटचे कापड बदलले तर जुन्या कापडाचा तुकडा बिलाला टाचून द्यावा. आम्ही कापडवाले जाणतो की वीण आणि रंग तोंडी सांगून जुळत नाहीत, नमुनाच लागतो.
५) काय दुरुस्त केले, काय नवे टाकले, याचे तपशीलवार बिल द्यावे आणि त्यावर आपले नाव व तारीख लिहावी.

पाचवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. डेव्ह रिचर्ड्सने ५०० डॉलरात गाडी रंगवली. ती चित्रे पुसली गेली, पुन्हा काढली गेली, तरी मूळ चित्रे त्याची होती हे आज जगाला ठाऊक आहे, कारण ते कोठेतरी लिहून ठेवले गेले. आपल्याकडे शंभर वर्षांची हिमरूची शाल किंवा पैठणी निघते. घराण्याचे नाव सांगितले जाते, दुकानाचे नावही सांगितले जाते. विणणाऱ्याचे नाव मात्र कोणालाच माहीत नसते. त्याच्या हाताला कला होती, पण सोबत चिठ्ठी नव्हती.

दुकानदारांनी जुनी बिलबुके, शिक्के, लेबलांचे नमुने, डिझाइनच्या वह्या दिवाळीच्या किंवा ईदच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नयेत. आणि कारागिरांनी आजपासून आपल्या प्रत्येक चांगल्या कामासोबत नाव, गाव व साल लिहिलेली एक चिठ्ठी द्यावी, तिची एक प्रत आपल्या वहीतही ठेवावी. त्याला दोन रुपये खर्च येईल. ते नाव उद्या किती मोलाचे ठरेल हे आज सांगता येत नाही, पण ज्या मालावर नावच नाही त्याला नावाचा भाव कधीच मिळत नाही.