पुन्हा उजळलेले यंत्र

माधवनगरहून सांगलीमार्गे मिरजेस गेले, म्हणजे तेथील सतारमेकर गल्लीत सतारींचे आणि तंबोऱ्यांचे भोपळे टांगलेले दिसतात. एखाद्या गवयाच्या घरचा जुना तंबोरा तेथे दुरुस्तीस येतो. त्याच्या भोपळ्याला चीर गेलेली असते, तारा गंजलेल्या असतात. कारागीर तो पुसून काचेच्या कपाटात ठेवीत नाही. तो चीर सांधतो, नव्या तारा चढवितो, घोडीवरील जवारी घासून काढतो आणि कान देऊन बसतो. तंबोरा बोलू लागला, की त्याचे काम झाले. मुका तंबोरा शोभेसाठी भिंतीला टेकवून ठेवता येईल. पण तो कसा गात असे, हे त्याच्याकडे नुसते पाहून कोणाला कळणार?

जुन्या संगणकाची गोष्टही अशीच आहे. बंद पडलेला संगणक म्हणजे तारांनी भरलेले लोखंडी कपाट. तो गणित कसे करी हे पाहायचे, तर तो चाललाच पाहिजे. ही गोष्ट ओळखून इंग्लंडमध्ये १९८९ साली जुन्या संगणकांच्या जतनासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याच्या सभासदांत सेवानिवृत्त अभियंते पुष्कळ. वेतनाची अपेक्षा न ठेवता ही मंडळी जुनी यंत्रे उघडतात, दुरुस्त करतात आणि लोकांना चालवून दाखवितात. अशाच हौशी हातांनी पुन्हा चालू केलेल्या एका यंत्राची ही हकीकत आहे.

इंग्लंडमधील हार्वेल या गावी अणुशक्तीचे संशोधन चाले. त्यासाठी लांबच लांब आकडेमोड करावी लागे. ती करणारी माणसे टेबलावरील छोट्या गणनयंत्रांवर दिवसचे दिवस आकडे जुळवीत बसत. काम कंटाळवाणे, आणि कंटाळा आला की चूक ठरलेली. तेव्हा कुक-यारबरो, बार्न्स आणि थॉमस या तिघा अभियंत्यांनी १९४९ साली एक संगणक बांधावयास घेतला. १९५१ साली तो गणिते करू लागला. त्याचे वजन अडीच टन होते. टेलिफोनच्या केंद्रात वापरतात तसले विजेवर चालणारे ४८० खटके, म्हणजे रिले, त्यात होते. मात्र त्याचे खरे वैभव निराळेच होते. ते म्हणजे डेकाट्रॉन नावाच्या ८२८ काचेच्या नळ्या.

ही नळी मोठी गमतीची. तिच्यात विरळ वायू भरलेला असतो आणि वर्तुळात दहा घरे असतात. त्यांपैकी एका घरावर नारिंगी प्रकाशाचा ठिपका चमकतो. विजेचा एक ठोका पडला, की ठिपका एक घर पुढे सरकतो. नवाच्या घरावरून तो शून्याच्या घरावर आला, की शेजारच्या नळीला हातचा एक मिळतो. पहिलीच्या वर्गात मूल बोटांवर बेरीज करते. हे यंत्र ठिपक्यांवर करी. फरक एवढाच, की येथे हातचा धरावयास विसरणे नाही.

यंत्र वेगवान होते असे मात्र कोणी समजू नये. एका गुणाकाराला त्याला पाच ते दहा सेकंद लागत. एकदा फॉसी नावाचे एक निष्णात गणिती आपले टेबलावरचे गणनयंत्र घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसले आणि शर्यत सुरू झाली. सुमारे अर्धा तास दोघेही बरोबरीने चालले. मग फॉसी थकले आणि उठून गेले. यंत्राचे काम आपले चालूच! कागदी पट्टीवर छिद्रे पाडून आकडे द्यावेत, पट्टी संपेपर्यंत त्याने खपत राहावे. नाताळच्या एका सुटीत तर हार्वेलची माणसे घरी गेली होती आणि यंत्र किमान दहा दिवस एकटेच काम करीत होते. माणसे परतली तेव्हाही त्याचे खटके वाजत होते.

पुढे अधिक वेगवान यंत्रे आली. अशा वेळी जुन्या यंत्राच्या नशिबी बहुधा मोडतोडच येते. केंब्रिज विद्यापीठाचा एडसॅक हा विख्यात संगणक १९५८ साली बंद झाला आणि त्याचे भाग सुटे करून विकले गेले. आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी २,७०० निर्वात नळ्यांचा संगणक स्वतः बांधला होता. १९६० साली तो कामास लागला. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे नाव टिफरॅक असे ठेविले. दोनच वर्षांनी संस्थेत परदेशी बनावटीचा मोठा संगणक आला, आणि टिफरॅकचे दिवस सरले. तो बांधणाऱ्यांनी किती रात्री जागविल्या असतील! आज मात्र तो चालताना पाहण्याची सोय नाही.

हार्वेलच्या यंत्राचे दैव बलवत्तर. त्याचा उत्तम उपयोग कोण करील, अशी १९५७ साली शिक्षणसंस्थांमध्ये स्पर्धा ठेवण्यात आली आणि वुल्व्हरहॅम्पटन येथील तंत्रविद्यालयाने ती जिंकली. तेथे त्याला 'विच' असे नाव मिळाले. इंग्रजीतील पाच शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते केले होते. विच म्हणजे चेटकीण! त्याचा मंदपणा तेथे गुणच ठरला. ठिपके सावकाश सरकत आणि विद्यार्थ्यांना डोळ्यांदेखत बेरीज होताना दिसे. १९७३ पर्यंत यंत्राने असे अध्यापन केले. त्यानंतर ते बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात गेले. १९९७ साली ते संग्रहालयच बंद पडले. यंत्राचे भाग सुटे करून कोठारात ठेवण्यात आले, आणि हळूहळू लोकांना त्याचा विसर पडला.

कित्येक वर्षांनी केव्हिन मरेल हे जुन्या संगणकांचे अभ्यासक एक छायाचित्र पाहत होते. छायाचित्र दुसऱ्याच संगणकांचे होते. पण त्यांच्यामागे एक ओळखीचा फलक डोकावत होता. तो विचचा! शोध घेता सारे यंत्र सापडले आणि २००९ साली ते ब्लेचली पार्क येथील संगणक-संग्रहालयात आणले गेले.

आता खरे काम सुरू झाले. डेल्विन हॉलरॉइड यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांनी तीन वर्षे खपून एकेक भाग स्वच्छ केला, तपासला, जोडला. नवे भाग घालून यंत्र चकाकविणे सोपे होते. पण मग ते जुने यंत्र कसले? म्हणून होता होईल तो मूळचेच भाग राखले. निर्वात नळ्या, खटके, कागदी पट्टी वाचणारी साधने यांची विद्या आज कोणत्या शाळेत शिकवितात? गटातील वृद्धांना आपली जुनी कसबे पुन्हा घासावी लागली, तर तरुणांना ती मुळारंभापासून शिकावी लागली. आणखी वीस वर्षे उशीर झाला असता, तर शिकविणारे कोण उरले असते?

२० नोव्हेंबर २०१२ रोजी यंत्र समारंभपूर्वक चालू करण्यात आले. खटके वाजू लागले. नारिंगी ठिपके वर्तुळात धावू लागले. तीन निर्मात्यांपैकी कुक-यारबरो आणि बार्न्स हे दोघे त्या वेळी तेथे उपस्थित होते. कुक-यारबरो यांनी नव्वदी ओलांडली होती. ऐन उमेदीत बांधलेले आपले यंत्र साठ वर्षांनी त्यांनी पुन्हा चालताना पाहिले. पुढच्याच जानेवारीत ते निवर्तले.

अशी हौस आता अनेक देशांत दिसते. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती १९९७ साली जुन्या संगणकांचा एक मेळा भरला आणि पुढे ती प्रथा इतरत्रही पसरली. आपापली यंत्रे टेबलांवर मांडून हौशी मंडळी उभी असतात आणि पाहावयास आलेल्या मुलांना कळा दाबू देतात. ब्लेचली पार्कमध्ये मुलांचा घोळका विचसमोर थांबतो. खिशातला दूरध्वनी क्षणार्धात हिशेब करतो, पण तो करताना काहीच दिसत नाही. येथे ठिपका नवावर येतो, शून्यावर उडी घेतो, आणि शेजारची नळी एक घर पुढे सरकते.