मणक्यातील पाण्याची तपासणी : आप्तांसाठी माहिती

जमाखर्चाच्या तपशिलाबरोबरच रुग्णांच्या आप्तांना उपयोगी पडेल अशी थोडी माहितीही या अहवालात देण्याचे आम्ही योजिले आहे.

रक्त, मणक्यातील पाणी, फुप्फुसाच्या आवरणातील पाणी, सांध्यांतील द्रव हे निरोगी शरीरात निर्जंतुक मानले जातात. विष्ठेत जंतू असतातच. या द्रवांत मात्र थोडेसे जंतू आढळले तरी डॉक्टर ती बाब गांभीर्याने घेतात. म्हणूनच नमुना घेताना त्वचेवरील जंतू त्यात मिसळू नयेत याची कसोशीने काळजी घ्यावी लागते.

यांपैकी मणक्यातील पाण्याविषयी भीती फार. ‘पाणी काढले की पाय जातात’ या समजुतीमुळे आप्त संमतिपत्रावर सही करण्यास कचरतात. वस्तुतः प्रौढांचा मज्जारज्जू सामान्यतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली घालतात. जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ साली ही पद्धत मांडली. प्रौढ शरीरात हे पाणी सुमारे १५० मिलिलिटर असते व दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होते. तपासणीस काही मिलिलिटर पुरते. नंतर काहींचे डोके दुखते, ते बहुधा काही दिवसांत थांबते. मेंदूतील दाब वाढल्याची किंवा रक्त नीट गोठत नसल्याची शंका असल्यास डॉक्टर आधी त्याची शहानिशा करतात.

नमुना वेगवेगळ्या निर्जंतुक नळ्यांत घेऊन तत्काळ प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. विलंब झाल्यास त्यातील पेशी नष्ट होऊ लागतात. जंतूंची वाढ तपासावयाचा नमुना फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, कारण मेंदूज्वराचे काही जंतू थंडीत मरतात. पाण्यातील साखरेची तुलना करण्यासाठी त्याच सुमारास रक्तही घेतात. दोन वेळा सुई का, याचे उत्तर हेच.

मेंदूज्वर जिवाणूंचा, क्षयाचा की विषाणूंचा, यावर औषध ठरते आणि ते ओळखण्याचा मुख्य आधार हा नमुना असतो. प्रतिजैविके सुरू झाल्यावर जंतू वाढवून ओळखणे कठीण होते. तथापि रुग्ण अत्यवस्थ असल्यास तपासणीसाठी औषध थांबवून ठेवत नाहीत.

आप्तांना आमची नम्र विनंती एवढीच, की मनातील शंका डॉक्टरांना निःसंकोच विचाराव्यात; परंतु गावाकडील वडीलधारी येईपर्यंत निर्णय लांबवू नये. मेंदूज्वरात तासांनाही मोल असते.