शब्द चुकणारा विद्यार्थी

सन १८९६ मध्ये फिलाडेल्फियातील एका शिक्षिकेने आपला १४ वर्षांचा विद्यार्थी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक लाइटनर विटमर यांच्याकडे नेला. शब्द लिहिताना तो सदैव चुकत असे. तपासणीअंती नेत्रदोष आढळला; चष्मा व स्वतंत्र शिकवणी यांनी त्याची प्रगती होऊ लागली. विटमर यांचे मानसशास्त्रीय चिकित्सालय त्याच वर्षी सुरू झाले. शिक्षिकेने त्यास आळशी ठरवून बाकावर उभे केले असते, तर विद्यापीठास तो दिसलाच नसता.

मूल तज्ज्ञांकडे पाठविताना ‘ढ’ हा शेरा निरुपयोगी होय. कोणती अक्षरे चुकतात, केव्हापासून, फळ्यापासून किती अंतरावर बसतो, घरी अलीकडे काय घडले, हे शिक्षकांनी लिहून द्यावे. तत्पूर्वी पालकांशी बोलावे. मात्र चावडीवर नव्हे, त्यांच्या घरी जाऊन.