परमुलखात भाषा शिकताना : धर्मानंद कोसंबी आणि आपला पहिलीचा वर्ग



भाषा शिकणं म्हणजे शब्द आणि व्याकरण पाठ करणं, असं आपण धरून चालतो. पण परमुलखात जाऊन भाषा शिकणाऱ्याला तिथलं जेवण, तिथला दिनक्रम, तिथली रीतसुद्धा अंगवळणी पाडावी लागते. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) हे याचं आपलं मराठी उदाहरण.

पालीसाठी श्रीलंकेत

कोसंबींचा जन्म गोव्यातल्या साखवाळचा. ‘बालबोध’ मासिकात बुद्धाविषयी वाचलं आणि ओढ लागली. १८९९ मध्ये घर सोडलं. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले आणि १९०२ मध्ये पाली शिकायला श्रीलंकेत पोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविर हे त्यांचे गुरू.

अडचणी कोणत्या आल्या?

१. लिपी : पालीला स्वतःची अशी लिपी नाही. श्रीलंकेत पाली ग्रंथ सिंहली अक्षरांत, तर ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत. म्हणजे प्रत्येक देशात पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात!

२. दिनक्रम : ते श्रामणेर झाले. मुंडन, चीवर, आणि दुपारी बारानंतर जेवण नाही.

३. जेवण : तिथलं अन्न त्यांना मानवेना. शिकायची इच्छा कितीही असली, तरी पोट ऐकत नाही.

आधार कशाचा झाला?

आधीच येत असलेल्या भाषेचा. संस्कृत ‘पुत्र’ पालीत ‘पुत्त’, ‘धर्म’ म्हणजे ‘धम्म’, ‘हस्त’ म्हणजे ‘हत्थ’. मराठी ‘हात’ही त्याच वाटेवरचा. ओळखीचं काही सापडलं की अनोळखी भाषा जवळची वाटते. याच कोसंबींनी पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथावर काम केलं आणि मराठीत बुद्धचरित्र लिहिलं.

आपल्या वर्गात

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे या. कोलाम पोडावरचं सहा वर्षांचं लेकरू पहिलीत येतं. त्याची कोलामी द्राविड कुळातली, मराठीपेक्षा तेलुगू-गोंडीला जवळची. तांड्यावरच्या पोराची गोरमाटीही पुस्तकातल्या मराठीहून वेगळीच. घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर असली, तरी त्या लेकरासाठी तो परदेशच.

फरक एवढाच, की कोसंबी पंचविशी गाठलेले होते आणि स्वतःच्या मर्जीने गेले होते. लेकराला कोणी विचारलेलं नसतं. ते गप्प बसतं आणि आपण ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो! म्हणून इथं आधी वाकायचं ते शिक्षकानं.

- पाणी, घर, आई, भूक, दुखतंय हे शब्द मुलांकडूनच त्यांच्या भाषेत शिकून घ्या. भिंतीवर दोन्ही भाषांत लिहा.
- पहिले काही आठवडे उत्तर घरच्या भाषेत आलं तरी ते बरोबरच धरा.
- पोडावरच्या आजीला गोष्ट सांगायला शाळेत बोलवा.
- डब्यातल्या पदार्थाला, पेहरावाला कोणी हसलं, तर तिथंच थांबवा.

पालकांनो, मराठी लवकर यावी म्हणून घरची बोली बंद करू नका. कोसंबींना संस्कृत नसती, तर पाली किती जड गेली असती!

कोसंबींनी अखेरचा श्वास घेतला तो आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला. पाचवीपुढच्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा आणि विचारा : तुम्ही परगावी शिकायला गेलात, तर सगळ्यात आधी कशाची सवय करावी लागेल? उत्तरं ऐका. कोणतं मूल कुठं अडलंय, ते त्यातूनच कळेल.