पोरक्या कोकरांचे संगोपन

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पठारी भागात दख्खनी मेंढी हा अनेक धनगर कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे. परंतु एखादी मेंढी विताना दगावते, तर एखादीला जुळे होऊन दोघांपुरते दूध येत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील गरोळ मेंढीचा जुळे देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ विकसित केली. अशा जुळी देणाऱ्या कळपांत तर या प्रश्नाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. चराईसाठी गावोगाव फिरणाऱ्या कळपात पोरक्या कोकराला वेळेवर दूध पाजणे कठीण असते. घराजवळ आठ-दहा गुंठे गवताळ जमीन असलेल्या शेतकऱ्याला मात्र अशी एक-दोन कोकरे वाढविणे सहज शक्य आहे.

पहिला दिवस निर्णायक

कोकरू रोगप्रतिकारशक्ती घेऊन जन्मत नाही. ती त्याला चिकातून मिळते. चिकातील संरक्षक घटक शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते व एका दिवसात संपते. म्हणून पहिल्या सहा तासांच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. तीन किलो वजनाच्या कोकराला एका वेळी सुमारे दीडशे मिलिलिटर, याप्रमाणे दिवसातून चार वेळा चीक द्यावा. दुसऱ्या मेंढीचा चीक उत्तम; तो न मिळाल्यास शेळीचा चालतो. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. कोकरू गारठले असल्यास आधी पुसून ऊब द्यावी, मगच पाजावे. गारठलेल्या कोकराला गिळता येत नाही. दूध श्वासनलिकेत जाऊन ते दगावते.

दूध आणि चारा

त्यानंतर शेळीचे कोमट दूध बाटलीने दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे पाजावे. कोकरू उभे असावे व मान किंचित वर असावी. बाटली व बोंडले प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवावे. एकाच वेळी भरपूर दूध पाजण्याची माया अनेकदा जिवावर बेतते. दुसऱ्या आठवड्यापासून शेवरी, सुबाभळीचा कोवळा पाला व थोडा खुराक समोर ठेवावा. चघळता चघळता कोठीपोट तयार होते. दोन महिन्यांच्या सुमारास कोकरू चारा नीट खाऊ लागले, की दूध हळूहळू बंद करावे.

लहान कुरणाचा धोका

लहान कुरणात तीच जागा पुन्हा पुन्हा चरली जाते व लेंड्यांतून पसरलेले जंत पुन्हा पोटात जातात. यास्तव कुरणाचे चार भाग करून आळीपाळीने चारावे. दव ओसरल्यावरच कोकरे सोडावीत व गवत मुळापर्यंत चरू देऊ नये. जंतनाशक, तसेच आंत्रविषार व पीपीआर या रोगांच्या लसींविषयी पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा.

मेंढी कळपात रमणारी आहे. एकटे कोकरू झुरते. म्हणून शक्यतो दोन कोकरे एकत्र वाढवावीत. नर कोकराला लाडाने टक्कर खेळण्याची सवय लावू नये; मोठेपणी तो माणसावर धावून येतो.

बाटलीवर जगलेली मादी पुढे स्वतः विते, तेव्हा पहिल्या दिवशीच्या त्या चिकाचे चीज होते. अल्पभूधारकाच्या दारात कळपाची सुरुवात अशीही होऊ शकते.