माकडें पुष्कळ आहेत काय?

गेल्या पावसाळी सत्रांत नववीच्या वर्गांत प्राणिशास्त्राचा पाठ चालला असतां आम्हीं फळ्यावर एक वाक्य लिहिलें : "जगांतील वानरवर्गापैकीं निम्म्याहून अधिक जाति नामशेष होण्याच्या धोक्यांत आहेत." तें वाचून मागच्या बांकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. त्याच्या वडिलांची समुद्रकाठीं नारळ-पोफळींची वाडी आहे. तो नम्रपणें म्हणाला, "सर, माकडें जर संपत चाललीं आहेत, तर आमच्या वाडींतील शहाळीं रोज फोडतात तीं कोण?"

वर्ग हंसला. आम्हांसही हंसूं आलें. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या घरचें वर्षाचें उत्पन्न माकडांच्या टोळीनें धुळीस मिळविलें, त्या घरच्या मुलास माकडांच्या रक्षणाचा उपदेश करणें सोपें नाहीं. इतक्यांत तासाची घंटा झाली व उत्तर अपुरें राहिलें. तें येथें पुरें करण्याचा आमचा विचार आहे. आणि तें त्या विद्यार्थ्याबरोबर त्याच्या वडिलांनींही वाचावें अशी आमची इच्छा आहे.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर करूं. बोलतांना आपण "माकड" हा एकच शब्द सर्वांस लावतों, आणि त्या एका शब्दाच्या आड एक मोठें जग झांकून जातें. स्वीडनमधील विख्यात निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यानें १७५८ सालीं या प्राण्यांचा एक गण मानला, लॅटिन भाषेंतील "पहिला" या अर्थाच्या शब्दावरून त्यास नांव दिलें, आणि मनुष्याचीही गणना त्यांतच केली. मराठींत त्यास नरवानर गण म्हणतात. वस्तु पकडूं शकणारे हात, बहुतेक बोटांवर नख्यांऐवजीं चपटीं नखें, समोर पाहणारे डोळे, शरीराच्या मानानें मोठा मेंदु व लांबलेलें बालपण, हीं या गणाचीं सामान्य लक्षणें होत.

या गणांत मादागास्कर बेटावरील लेमूर आहेत. आशियांतील, रात्रीं हिंडणारे मोठ्या डोळ्यांचे लोरिस आहेत. अमेरिका खंडांतील माकडें आहेत, त्यांपैकीं कांहीं शेपटीनें फांदी धरून लोंबकळतात. आशिया व आफ्रिका खंडांतील माकडें आहेत. आणि शेपूट नसलेले कपि, म्हणजे गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपँझी व बोनोबो, हेही आहेत. सर्वांत लहान लेमूर अवघा ३० ग्रॅम वजनाचा, मुठींत सहज मावेल असा. तर गोरिलाचा पूर्ण वाढलेला नर १५० किलोहूनही भारी असतो. अशा पांचशेंहून अधिक जाति आज ज्ञात आहेत. त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश जाति ब्राझील, मादागास्कर, इंडोनेशिया व काँगोचें लोकशाही प्रजासत्ताक या चारच देशांत राहतात. विद्यार्थ्यांनीं हे देश नकाशांत शोधावे. चारही विषुववृत्ताजवळचे, दाट अरण्यांचे आहेत हें त्यांस आपोआप कळेल.

२०१७ सालीं अनेक देशांतील शास्त्रज्ञांनीं मिळून या सर्व जातींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळून आलें कीं, सुमारें शेंकडा ६० जाति नामशेष होण्याच्या धोक्यांत आहेत, व शेंकडा ७५ जातींची संख्या घटत आहे. याचीं कारणें गूढ नाहींत. शेतीकरितां, गुरांच्या कुरणांकरितां, पामतेलाच्या लागवडीकरितां, लांकडाकरितां व खाणींकरितां अरण्यें तोडलीं जातात. मांसाकरितां शिकार होते. आणि पाळण्याच्या हौसेपायीं पिलें पकडून विकलीं जातात.

याशिवाय एक कारण अंकगणिताचें आहे. ओरांगउटानची मादी एका वेळीं बहुधा एकच पिलूं देते, आणि एका पिलापासून दुसऱ्यापर्यंत सात-आठ वर्षें जातात. कारण कोणतें फळ केव्हां पिकतें, रात्रीं निजण्यासाठीं फांद्यांचा मांचा कसा रचावा, हें तें पिलूं तितकीं वर्षें आईपाशीं राहून शिकत असतें. म्हणजे सबंध आयुष्यांत तिचीं पिलें चार-पांच. आतां पिलूं विकण्यासाठीं ज्या शिकाऱ्यानें आई मारली, त्यानें एकच जीव घेतला काय? पुढील हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः मांडावा.

आतां वाडीच्या प्रश्नाकडे वळूं. कोंकणांत आपल्या दृष्टीस विशेषेंकरून दोन प्राणी पडतात. लांब शेपटीचा, काळ्या तोंडाचा तो वानर; आणि लालसर तोंडाचें, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखें दिसणारें तें माकड. यासच कोंकणांत केलडें म्हणतात. केलडें फळें खातें, कोंब खातें, किडे खातें, शिजलेला भातही खातें. जमिनीवर उतरावयास व माणसाच्या अंगणांत यावयास तें भीत नाहीं. त्याचाच एक भाऊबंद पश्चिम घाटाच्या दक्षिण भागांत राहतो, तो सिंहपुच्छ वानर. काळें अंग, तोंडाभोंवतीं करड्या केसांची आयाळ आणि शेपटीच्या टोंकास सिंहासारखा गोंडा, असें त्याचें रूप आहे. कर्नाटक, केरळ व तामिळनाडु येथील सदाहरित अरण्यांबाहेर तो जगांत कोठेंही मोकळ्या स्थितींत आढळत नाहीं, आणि त्याची एकंदर संख्या कांहीं हजारच आहे. तो बहुतेक सारें आयुष्य उंच झाडांच्या शेंड्यांवर काढतो. मध्यें चहाचा मळा किंवा रुंद सडक आली, कीं अलीकडची टोळी पलीकडच्या टोळीस अंतरते. या वानराचें अरण्य बुडूं नये म्हणून केरळांतील सायलेंट व्हॅली नांवाच्या खोऱ्यांतील नियोजित धरणाविरुद्ध १९७० नंतर शिक्षक, शास्त्रज्ञ व कवि यांनीं मोठी चळवळ केली. अखेर धरणाचा बेत रद्द झाला, व १९८४ सालीं तें खोरें राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर करण्यांत आलें.

तेव्हां वाडींत दहा केलडीं दिसलीं म्हणून सिंहपुच्छ वानर सुखरूप आहे असें होत नाहीं. गांवांत कावळे पुष्कळ, म्हणून माळावर माळढोकही पुष्कळ असतील असें आपण म्हणतों काय?

परंतु एवढ्यानें उत्तर पुरें होत नाहीं. खरी चकित करणारी गोष्ट पुढेंच आहे. ज्या केलड्याचा आपणांस इतका उपद्रव होतो, तें दक्षिण भारताच्या द्वीपकल्पाबाहेर जगांत कोठेंही स्वभावतः राहत नाहीं. आणि निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें धोक्यांत असलेल्या जातींच्या यादींत त्याचेंही नांव घातलें आहे! सडका रुंद करतांना दुतर्फाचे जुने वड तोडले गेले, त्यांबरोबर त्यांवर राहणाऱ्या टोळ्याही गेल्या. आणि उत्तर हिंदुस्थानांतील दुसरें एक लालतोंडें माकड दक्षिणेकडे पसरत येऊन त्याची जागा घेत आहे. मग वाडींत माकडें वाढलीं असें कां वाटतें? कारण तीं जवळ आलीं आहेत. रानांतील उंबर, जांभूळ तुटले, आणि सडकेवरील प्रवासी केळीं व शेंगदाणे फेंकूं लागले. जिकडे आयतें मिळेल तिकडे कोणताही शहाणा प्राणी वळणारच. जवळ दिसणें म्हणजे पुष्कळ असणें नव्हे. हीच आमच्या मतें त्या प्रश्नाची किल्ली आहे.

हें ऐकून कोणी निराश होऊं नये. प्रयत्नानें काय साधतें याचीं दोन उदाहरणें सांगतों. ब्राझीलच्या रिओ दि जानेरो राज्यांत समुद्राजवळच्या अरण्यांत टॅमरिन नांवाचें एक सोनेरी आयाळीचें इवलेंसें माकड राहतें. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तीं अवघीं दोनशेंच्या आसपास उरलीं होतीं. १९७४ सालीं त्यांच्यासाठीं एक अरण्य राखीव झालें, व १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेलीं टॅमरिन माकडें रानांत सोडण्यास आरंभ झाला. पिंजऱ्यांत वाढलेल्या त्या बिचाऱ्यांस हलत्या फांदीवरून जातां येईना, कीं भक्ष्य शोधतां येईना, पुष्कळ मेलीं. तरी कार्यकर्त्यांनीं हार न मानतां त्यांस सोडल्यावरही अन्न पुरविलें, आणि रानांत जन्मलेलीं त्यांचीं पिलें मात्र तरबेज निघालीं. शेजारच्या शेतमालकांनीं आपल्या खासगी वनांत त्यांस आसरा दिला. २०१४ सालीं त्यांची संख्या सुमारें ३,७०० झाली. पुढें पीतज्वराची सांथ आली व २०१९ सालीं ती २,५०० वर उतरली. तेव्हां त्यांस लस टोचण्याचें काम सुरू झालें; वनाचे तुटलेले तुकडे झाडें लावून जोडण्याचें काम चालूच होतें, व राजमार्गावरून प्राण्यांस पलीकडे जातां यावें म्हणून झाडें लावावयाचा एक पूलही २०२० सालीं बांधून झाला. २०२३ च्या मोजणींत संख्या सुमारें ४,८०० भरली.

दुसरें उदाहरण आफ्रिकेंतील पहाडी गोरिलाचें. रुआंडा, युगांडा व काँगो यांच्या सरहद्दीवरील विरुंगा पर्वतांत १९८१ सालीं केवळ २५४ गोरिला मोजले गेले. डायन फॉसी या अमेरिकन बाई १९६७ पासून तेथें राहून त्यांचा अभ्यास करीत होत्या. प्रत्येक गोरिलाच्या नाकावरील सुरकुत्यांची ठेवण निराळी असते. तिचें चित्र काढून त्या एकेकास ओळखीत व नांव देत. १९८५ सालीं त्यांचा त्यांच्या झोंपडींत खून झाला. परंतु काम थांबलें नाहीं. पहारेकरी रोज टोळ्यांच्या मागें फिरून शिकाऱ्यांचे फांसे काढतात. जखमी गोरिलावर पशुवैद्य रानांतच उपचार करतात. प्रवाशांपासून उद्यानांस मिळणाऱ्या उत्पन्नाचा शेंकडा १० भाग शेजारच्या गांवांस द्यावा असें रुआंडा सरकारनें २०१७ सालीं ठरविलें. २०१५-१६ च्या मोजणींत विरुंगांतील संख्या ६०४ झाली होती. युगांडांतील ब्विंडी अरण्यांतील गोरिला धरून २०१८ च्या सुमारास ती १,०६३ भरली.

या दोन्ही हकीकतींत दोन गोष्टी समान आहेत. पहिली ही कीं, तेथील लोकांनीं "पुष्कळ" किंवा "थोडे" असें न म्हणतां नीट मोजलें व नीट ओळखलें. दुसरी ही कीं, शेजारच्या शेतकऱ्यास शत्रु न मानतां भागीदार केलें. म्हणून वाडीवाल्या बंधूंस आम्ही असें म्हणणार नाहीं कीं, आपलें नुकसान मुकाट्यानें सोसा. माकड राहावें हें जर साऱ्या समाजाच्या हिताचें, तर त्याचा खर्चही साऱ्या समाजानें उचलावा. तो एकट्या वाडीनें कां भरावा? ही मागणी न्याय्य आहे, व ती करण्यांत कमीपणा नाहीं.

विद्यार्थ्यांच्या हातीं तीन गोष्टी आहेत. सडकेवर किंवा देवळापाशीं माकडांस खाऊं घालूं नये. त्या भूतदयेचा भुर्दंड पुढें कोणातरी शेतकऱ्यास पडतो. कोणतेंही माकडाचें पिलूं विकत घेऊं नये, कीं पाळूं नये. आणि एक वही घालावी : आज कोणतें माकड पाहिलें, टोळींत किती होतीं, पिलें किती, काय खात होतीं.

मागच्या बांकावरील त्या विद्यार्थ्यानें दिवाळीच्या सुटींत अशी वही घातली. सुटीनंतर त्यानें ती आणून दाखविली. पहिल्या पानावर "माकडें : पुष्कळ" असें लिहून खोडलें होतें, व खालीं लिहिलें होतें : "केलडीं १७, त्यांत पिलें ३. काळ्या तोंडाचे वानर ९." तो म्हणाला, "सर, राखणीला बसल्यावर बाबाच पहिल्यांदां मोजतात. पण शहाळीं अजून जातातच."

जातात हें खरें आहे, आणि त्यावरील उपाय या लेखांत नाहीं. परंतु जो मोजूं लागला, त्याच्यापाशीं आतां नुसती तक्रार नाहीं, पुरावा आहे. शेताच्या रक्षणाचा मार्ग आणि वानराच्या रक्षणाचा मार्ग, दोन्ही त्या एकाच वहींतून जातात, असें आम्हांस वाटतें.